गणित विभागातून संगणकशास्त्र विभागाकडे : औरंगाबाद येथील महाविद्यालयीन अध्यापनाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांमध्ये विभागांचा इतिहास बहुधा एका पानात आटोपतो. विभागप्रमुखांची नामावली, निकालाची टक्केवारी आणि गुणवत्ता यादीत आलेले विद्यार्थी एवढे दिले की लेखकाचे कर्तव्य संपते. विभागात काय शिकविले जात होते, कोणत्या भाषेतून शिकविले जात होते आणि त्या शिकविण्याचा खर्च कोण उचलत होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. गणित विभागाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. रसायनशास्त्राकडे प्रयोगशाळा असते, वनस्पतिशास्त्राकडे निदान एक उद्यान असते. गणिताकडे फळा आणि खडू. जे फळ्यावर लिहिले ते तास संपताच पुसले जाते, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते बहुतांशी पुसलेलेच राहते.

प्रस्तुत लेखात औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, येथील महाविद्यालयीन गणिताचा आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या संगणकशास्त्राचा मागोवा घेतला आहे. जुन्या काळाविषयी लिहिताना शहराचे व विद्यापीठाचे त्या त्या वेळचे नाव वापरले आहे. या शहरात शंभर वर्षांच्या आत गणिताची भाषा एकाहून अधिक वेळा बदलली, आणि प्रत्येक बदलाची किंमत वर्गातील विद्यार्थ्याने मोजली. संगणकशास्त्र गणितापासून वेगळे झाले त्यामागे मात्र भाषेपेक्षा किंवा विद्याशाखेच्या तर्कापेक्षा अनुदानाचा तर्क अधिक प्रभावी ठरला, असे लेखात मांडले आहे.

गणिताचे भाषांतर या परिसराला नवे नाही. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यात पाटणे आहे. तेथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. पुढे सव्वाचारशे वर्षांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर अताउल्ला रशीदी याने १६३४-३५ मध्ये केले. बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर ज्या वास्तुविशारद अताउल्लाचे नाव कोरलेले आहे तो हाच, असे इतिहासकार मानतात. मकबरा पाहावयास येणाऱ्या सहलींना ताजमहालाशी तुलना ऐकविली जाते. बीजगणिताचा उल्लेख क्वचितच होतो.

उर्दू माध्यमातील गणित

आधुनिक अर्थाने महाविद्यालयीन गणित या शहरात आले ते १९२३ साली, इंटरमिजिएट कॉलेजच्या स्थापनेने. आज किलेअर्क परिसरात असलेले शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय हे त्याचेच पुढचे रूप होय. हे कॉलेज उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते, आणि उस्मानिया विद्यापीठाचे वैशिष्ट्य असे की १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने आरंभापासूनच विज्ञानासह सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरविले होते. इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. माध्यम मात्र उर्दू. मुंबई व मद्रास विद्यापीठे तेव्हा सर्वस्वी इंग्रजीवर उभी होती, हे लक्षात घेता या निर्णयाचे धाडस कळते.

पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून ती तयार करण्यासाठी हैदराबादेत १९१७ सालीच दार-उल्-तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. त्याची प्रारंभीची सूत्रे मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. पुढे तेच औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालयही १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत दीर्घकाळ औरंगाबादेतच होते. म्हणजे परिभाषा घडविणारे गृहस्थ आणि ती परिभाषा वापरणारा वर्ग एका आवारात होते. हा योग भारतीय महाविद्यालयांच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

शब्द कसे घडवावेत यावर त्या काळी मोठा वाद झाला. अरबी धातूंवरून शब्द बनवावेत असा एक पक्ष होता. उर्दू ही भारतीय कुळातील भाषा असल्याने येथील प्रत्यय व समास वापरण्यास हरकत नसावी, असे वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ च्या ‘वज़-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात मांडले. गणितात प्रत्यक्षात अरबी वळणच टिकले. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला ज़ाविया, बीजगणिताला जब्र-ओ-मुकाबला. आणि कलनशास्त्रातील विकलन व संकलन यांना तफ़र्रुक़ी अहसा व तकमिली अहसा अशी नावे मिळाली. उस्मानियातील गणितज्ञ डॉ. रज़ीउद्दीन सिद्दीकी यांनी युरोपातील उच्च शिक्षणानंतर येऊन याच भाषेत उच्च गणित शिकविले. उर्दूत उच्च गणित शिकविता येत नाही, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

परंतु प्रश्न ‘शिकविता येते का’ एवढाच नव्हता. मराठवाड्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची घरची भाषा मराठी होती. पाढे मराठीत पाठ केलेल्या मुलाला समीकरणास ‘मुसावात’ म्हणावे लागे, आणि इंटरच्या पुढे शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे. इंग्रजी माध्यमाच्या तुलनेत उर्दू माध्यम स्वदेशी होते हे खरेच; पण औरंगाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला ते कितपत आपले वाटले असेल, याचा विचार उस्मानियाच्या गौरवपर लेखनात फारसा होत नाही. दुसऱ्या बाजूने, निजामी राजवटीवरील टीकेच्या ओघात दार-उल्-तर्जुमाचे बौद्धिक कार्यही मोडीत काढले जाते. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

१९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत हैदराबादप्रमाणेच औरंगाबादच्या कॉलेजातील विद्यार्थीही सहभागी झाले. उस्मानियातून काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. या घटनेचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. मात्र उर्दूतून अर्धे झालेले शिक्षण या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून पुरे करावे लागले, ही त्याची शैक्षणिक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. १९४८ नंतर जे सर्वांच्या वाट्याला आले ते या तुकडीने दहा वर्षे आधी भोगले.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे एक अग्रणी गोविंदभाई श्रॉफ हे स्वतः गणिताचे एम.एस्सी. होते. ही पदवी त्यांनी कलकत्त्याहून घेतली, आणि चळवळीत पूर्णवेळ उतरण्यापूर्वी औरंगाबादेत शिक्षकी केली. पुढे १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. मराठवाड्याच्या अनुशेषाचा प्रश्न ते ज्या आकडेवारीनिशी मांडीत त्यामागे गणिताची शिस्त होती, असे मानण्यास वाव आहे.

नागसेनवन आणि विद्यापीठ

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. तीस वर्षांत घडविलेली परिभाषा काही वर्षांतच वर्गाबाहेर गेली. याच संधिकाळात, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात नागसेनवनात शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घराण्यात अक्षरओळख असलेली ती पहिलीच पिढी होती. त्यांना गणित इंग्रजीतून शिकावयाचे होते. उर्दूतून इंग्रजीत जाणारा विद्यार्थी निदान संकल्पना घेऊन जात होता. येथे संकल्पना आणि भाषा दोन्ही एकाच वेळी नव्या होत्या. अशा वर्गात शिक्षक व्याख्या इंग्रजीत लिहीत आणि समजावून मराठीत सांगत. ही पद्धत कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नाही, तरीही मराठवाड्यातील गणिताचे अध्यापन आजतागायत तिच्यावरच चालले आहे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. पाठोपाठ १९६० मध्ये देवगिरी महाविद्यालय व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय अशी रांग लागली. मराठी परिभाषेचे प्रयत्नही पुढे झाले. भाषा संचालनालयाने गणितशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केला. संच, गट, निश्चयक, बहुपदी हे शब्द त्यामुळे स्थिर झाले. परंतु अकरावी-बारावी विज्ञानाचे अध्यापन इंग्रजीतच होत असल्याने हे शब्द दहावीच्या उंबरठ्यावरच थांबले. शहरातील उर्दू शाळांतून येणाऱ्या मुलांचेही हेच होते. दहावीपर्यंत ‘मुसल्लस’ म्हणणारा आणि ‘त्रिकोण’ म्हणणारा असे दोघेही अकरावीत एकाच बाकावर ‘ट्रँगल’ शिकतात.

असमानतांची परंपरा

मराठवाडा विद्यापीठाच्या गणित विभागाचा एक अध्याय मात्र अभिमानाने सांगावा असा आहे, आणि तो महाविद्यालयीन शिक्षकांनाही पुरेसा माहीत नाही. १९५७ मध्ये उस्मानिया विद्यापीठातून पीएच.डी. झालेले व्ही. लक्ष्मीकांतम् हे १९६४ ते १९६६ या काळात येथे गणिताचे प्राध्यापक व विभागप्रमुख होते. ते नंतर अमेरिकेस गेले. एस. लीला यांच्यासह त्यांनी लिहिलेला अवकल व संकलन असमानतांवरील दोन खंडांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९७६ मध्ये त्यांनी ‘नॉनलिनिअर अॅनालिसिस’ हे जगन्मान्य नियतकालिक सुरू केले. औरंगाबादेतील त्यांचे वास्तव्य अवघे दोन वर्षांचे. पण त्यांनी रुजविलेला विषय येथे टिकला. एस. जी. देव यांनी व्ही. राघवेंद्र यांच्यासह लिहिलेले अवकल समीकरणांवरील १९८० चे पुस्तक एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे.

या परंपरेतील सर्वात दूरवर पोहोचलेले नाव बा. गो. पाचपट्टे यांचे. त्यांच्या कार्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एखाद्या राशीची वाढ तिच्या स्वतःच्याच आजवरच्या संचयावर अवलंबून असेल, तर ती जास्तीत जास्त किती वाढू शकेल? ग्रोनवॉल यांनी १९१९ मध्ये आणि बेलमन यांनी १९४३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर एका असमानतेच्या रूपाने दिले : नेमकी किंमत सांगता आली नाही तरी तिची वरची मर्यादा सांगता येते. पाचपट्टे यांनी त्याच्या पुढची पायरी गाठली. संचयाच्या आत आणखी एक संचय असेल तर मर्यादा काय राहील, हे त्यांनी १९७३ च्या एका छोट्या टिपणात दाखविले. ज्या नियतकालिकात ते छापून आले त्याचे संस्थापक-संपादक स्वतः रिचर्ड बेलमन होते. पुढे पाचपट्टे यांचे या विषयावरील ग्रंथ अकॅडेमिक प्रेस (१९९८) व एल्सेव्हिअर (२००५) यांनी प्रकाशित केले, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या असमानता जगभरातील शोधनिबंधांत उद्धृत होतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना ‘लूपच्या आत लूप’ म्हणून सहज समजावी. पण तसे त्याला सांगितले जाते का, हा वेगळा प्रश्न.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या संशोधनाला यंत्रसामग्री लागली नाही. कागद, टपालाने येणारी शोधनिबंधांची पुनर्मुद्रिते आणि बऱ्यापैकी ग्रंथालय एवढ्या भांडवलावर मागास म्हणविल्या जाणाऱ्या विभागातील एका तरुण विद्यापीठाला जागतिक दर्जाचे काम करता आले. निधीच्या टंचाईत गणित हाच विषय परवडण्यासारखा होता, असेही म्हणता येईल. पुढच्या पिढीच्या वाट्याला मात्र खर्चिक विषय आला.

संगणकाचे आगमन

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहराचे औद्योगिक रूप पालटले. त्याच दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनांमधून देशभरातील महाविद्यालयांत संगणक येऊ लागले. १९९४-९५ पासून पदवी स्तरावर व्यावसायिक विषय शिकविण्याची आयोगाची योजना आली. तीत संगणक उपयोजन हा विषय होता. प्रश्न एकच होता, शिकविणार कोण? महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे येथेही तो भार प्रथम गणिताच्या, क्वचित भौतिकशास्त्राच्या वा इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांवर आला. क्लार्क टेबलावर ज्यांची हयात गेली होती ते प्राध्यापक उन्हाळी सुट्टीत उद्बोधन वर्ग करून जूनमध्ये पास्कल किंवा सी शिकवू लागले. विद्यार्थ्याच्या एक धडा पुढे राहून शिकविणे ही त्या काळातील उघड गोष्ट होती, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

संगणक कक्षाचे तेव्हाचे वातावरण आजच्या विद्यार्थ्यास नवलाचे वाटेल. चपला बाहेर काढून आत जावयाचे. महाविद्यालयात प्राचार्यांच्या दालनालाही नसलेले वातानुकूलन यंत्र या खोलीला असे. बाहेरची फ्लॉपी आणण्यास मनाई, कारण व्हायरसची भीती. एका यंत्रापुढे तीन विद्यार्थी. त्यांपैकी एक टंकलेखन करी, एक वहीतून वाचून दाखवी आणि तिसरा आपली पाळी येण्याची वाट पाही. भारनियमनाच्या वर्षांत प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक महाविद्यालयापेक्षा वीज मंडळ अधिक ठरवीत असे.

या काळात गणित व संगणक एकाच विभागात, किमान एकाच माणसात, नांदत होते. त्याचा शैक्षणिक लाभ काय होता हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. दोनाचे वर्गमूळ न्यूटन-राफ्सन पद्धतीने काढणे हे संख्यात्मक विश्लेषणाचे नेहमीचे प्रात्यक्षिक. १ पासून आरंभ केला तर पुढच्या किमती १.५, १.४१६६६७, १.४१४२१६ अशा येतात. तीन पायऱ्यांतच उत्तर हाती लागते. हाच प्रोग्रॅम सी भाषेत लिहिताना विद्यार्थ्याने चल ‘फ्लोट’ऐवजी ‘इंट’ घोषित केला, तर भागाकारातील अपूर्णांक गळून पडतो. १ अधिक २, भागिले २, याचे उत्तर यंत्र १ असे देते आणि कितीही पायऱ्या केल्या तरी १ वरच अडून राहते. यंत्र चूक दाखवीत नाही. प्रोग्रॅम त्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. दोनाचे वर्गमूळ एक असू शकत नाही, हे ज्याला गणित येते त्याच्या तत्काळ लक्षात येते. ज्याला येत नाही तो तेच उत्तर जर्नलमध्ये उतरवितो आणि घाईच्या दिवसांत त्यावर सहीही होते.

अनुदान आणि फारकत

महाराष्ट्रात १९८३ पासून व्यावसायिक शिक्षणात विनाअनुदान तत्त्व आले होते. २००१ मध्ये शासनाने नव्या महाविद्यालयांना व अभ्यासक्रमांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरच मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांना सर्वाधिक मागणी होती ती नेमकी याच सुमारास. १९९५ मध्ये इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले होते, आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीमुळे संगणक हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला होता. परिणाम असा झाला की गणित विभाग अनुदानित राहिला आणि संगणकशास्त्र विभाग विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा राहिला. गणिताच्या शिक्षकाचे वेतन शासनाकडून. संगणकाच्या शिक्षकाची नेमणूक बहुधा तासिका तत्त्वावर वा कंत्राटी, दर जूनमध्ये नव्याने. एकाच इमारतीत, कधी समोरासमोरच्या खोल्यांत, एकाच पात्रतेच्या दोन शिक्षकांचे जीवनमान वेगळे झाले. औरंगाबादच्या गणितज्ञांनी ज्या विषयात नाव मिळविले त्याचे नाव येथे दुसऱ्या अर्थाने आठवते.

या व्यवस्थेत दोन्ही विभागांचे नुकसान झाले. संगणकशास्त्राला विद्यार्थी आणि यंत्रे मिळाली, पण स्थिर अध्यापकवर्ग मिळाला नाही. दर वर्षी बदलणारा शिक्षक अभ्यासक्रम पुरा करू शकतो. ग्रंथालयासाठी पुस्तके सुचविणे, संशोधनाची दिशा धरणे, दहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी ओळखणे ही कामे त्याच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. गणिताकडे मान्य पदे होती, परंतु विद्यार्थी संगणकाकडे व बारावीनंतर अभियांत्रिकीकडे वळल्याने कार्यभार घटला. कार्यभार घटला की निवृत्तीनंतर पद भरण्याचा प्रस्तावच दुबळा होतो. पात्रतेच्या नियमांनी यात भर घातली. २००६ मध्ये एम.फिल. धारकांना पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटमधून सूट मिळाली, २००९ मध्ये ती गेली, आणि २०२२ मध्ये एम.फिल. हा अभ्यासक्रमच बंद झाला. मधल्या तुकड्यांतील शिक्षक गणितातही आहेत व संगणकशास्त्रातही. दोन्ही विभागांना आता जोडणारा हा एक धागा म्हणावा लागेल, जरी तो कोणी हेतुपुरस्सर विणलेला नाही.

२०२४-२५ पासून राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य व गौण विषयांची रचना लागू झाली. संगणकशास्त्र मुख्य आणि गणित गौण, किंवा याच्या उलट, अशी निवड आता विद्यार्थ्याला कागदोपत्री करता येते. ती प्रत्यक्षात येण्यासाठी अनुदानित विभागातील तास आणि विनाअनुदानित विभागातील तास एका वेळापत्रकात बसवावे लागतात, आणि त्या तासांचे मानधन कोणत्या खात्यातून द्यावयाचे हे आधी ठरवावे लागते. विद्याशाखांच्या परस्परसंबंधावरील चर्चा महाविद्यालयांत बहुधा याच मुद्द्यापाशी येऊन थांबते.

विभागांच्या जडवस्तू नोंदवह्या या दृष्टीने वाचण्याजोग्या असतात. संगणकशास्त्राच्या नोंदवहीत प्रत्येक यंत्राच्या खरेदीची तारीख, किंमत आणि निर्लेखनाची तारीख असते. फ्लॉपीच्या जमान्यातील संगणक, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, यूपीएसच्या बॅटऱ्या आले केव्हा आणि भंगारात गेले केव्हा हे त्यावरून सांगता येते. गणिताच्या नोंदवहीत फळे, खुर्च्या, एखादे लाकडी शंकुच्छेदांचे प्रतिमान आणि लॉग टेबलांच्या प्रती एवढेच सापडते. उर्दूतून गणित शिकविल्या गेलेल्या पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, वर्गातील वह्या आणि शिक्षकांची टिपणे नोंदवहीत येण्याजोगी वस्तूच नव्हती. त्या कोणाच्या घरी शिल्लक असतील तर त्या वाचू शकणारी, गणितही जाणणारी माणसे शहरात अजून आहेत. त्यांतील बहुतेकांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे.